रिमोट ठेवायची जागा

गॅरेजच्या शटरचा रिमोट गाडीत नेमका कुठे ठेवायचा, या एका प्रश्नात माझे निवृत्तीनंतरचे चार महिने गेले. लोकांना हसू येतं. येऊ दे. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नसतेच. आमच्या पेणमध्ये माणूस हौसेने गॅरेज बांधतो आणि दुसऱ्या वर्षी ते गणपतीच्या कारखानदाराला देऊन टाकतो. मग आत ओळीने मूर्ती वाळत बसतात आणि गाडी बाहेर उन्हात. आमच्या गल्लीत गाडी खरोखर आत ठेवणारा मी एकटाच, त्यामुळे या विषयात मला सल्ला द्यायला सगळे मोकळे होते.

शटर आधी हातानेच उचलायचो. मग कंबर धरली, डॉक्टरने वाकायला बंदी केली आणि बायकोने मला न विचारता मोटर बसवून घेतली. बसवणाऱ्याने दोन रिमोट दिले. बोटभर लांबीचे, चपटे, काळपट हिरवे, वर दोन बटणं. त्यातला एक आठवड्याच्या आत माझ्या पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेला आणि स्वच्छ होऊन, पण कायमचा मुका होऊन बाहेर आला. नवा मागवतो, असं बसवणारा म्हणाला. आमच्याकडे ‘मागवतो’ या शब्दाला मुदत नसते. म्हणजे उरला एक.

तो एक आधी मी ऊन अडवायच्या पट्टीला क्लिपने लावला. वडखळच्या खड्ड्यांत तो माझ्या मांडीवर पडायचा. एकदा मांडीवरून घरंगळून ब्रेकच्या खाली गेला आणि माझ्या अंगाला दरदरून घाम फुटला. शिवाय शेजाऱ्याने सांगितलं, “अहो, रिमोट काचेतून दिसतो, आणि गाडीच्या कागदांवर तुमचा पत्ता. चोराला आमंत्रणपत्रिकाच छापून ठेवलीत की!” हे मात्र खरं होतं. मग किल्लीच्या जुडग्यात अडकवला. जुडगा खिशात, त्यामुळे मी घरात सोफ्यावर बसलो की खाली शटर उघडायचं आणि उठलो की बंद व्हायचं. गल्लीतल्या बायकांना माझ्या उठण्याबसण्याचं वेळापत्रक पाठ झालं. डॅशबोर्डवर ठेवला तर उन्हाने बटणं रुतून बसायला लागली. पुढच्या कप्प्यात टाकला तर तिथे बायकोची लवंगेची डबी, नॅपकिन, मागच्या वर्षीची लग्नपत्रिका आणि एक छत्री. त्यातून रिमोट काढेपर्यंत मागची रिक्षा हॉर्न वाजवून थकायची. गाडीतल्या छोट्या गणपतीच्या मागे चिकटवायची माझी कल्पना बायकोने ऐकून सुद्धा घेतली नाही.

“देवाच्या पाठीला कसली ती बटणं लावताय?” ती म्हणाली.

आता एवढ्याशा वस्तूसाठी एवढा जीव का काढायचा, असं कोणालाही वाटेल. त्याची दोन कारणं होती. एक मी सगळ्यांना सांगायचो, दुसरं कोणालाच नाही.

सांगायचं कारण असं की मी डोलवीला कंपनीत आयुष्यभर हत्यारांचं स्टोअर सांभाळलं. तिथे भिंतीवर फळा असतो आणि फळ्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची बाह्याकृती पिवळ्या रंगाने काढलेली असते. पाना गेला की भिंतीवर त्याची रिकामी आकृती उरते आणि ती दिवसभर आपल्याकडे बघत राहते. शिफ्ट संपताना एकही आकृती रिकामी राहता कामा नये. माझ्या हाताखाली एक पाना कधी हरवला नाही. हे मी सांगतो तेव्हा थोडा फुगतो, हे मला माहीत आहे.

न सांगायचं कारण बाबा.

बाबा मिठागरावर मुकादम होते. त्यांच्या सायकलच्या कुलपाची किल्ली दाराच्या चौकटीतल्या खिळ्यावर असायची. मला समजायला लागल्यापासून तीच जागा. एक दिवस ती खिळ्यावर नव्हती. दोन दिवसांनी आईला ती तांदळाच्या डब्यात सापडली. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. “मी जागेवरच ठेवली होती,” एवढंच ते म्हणत राहिले. त्या किल्लीपासून सुरुवात झाली. मग रस्ते, मग माणसं. आई गेल्यावर माझी मोठी बहीण त्यांना रोह्याला आपल्या घरी घेऊन गेली आणि शेवटची सात वर्षं तिनेच काढली. मी रविवारी जायचो. शेवटच्या वर्षी बाबा मला बघून म्हणायचे, “या पाव्हणं, बसा.” ताई आत तोंड फिरवून चहा टाकायची.

तर निवृत्तीनंतर माझं किरकोळ विसरणं सुरू झालं. गरम भांडं उचलायच्या वस्तूला काय म्हणतात ते एकदा सकाळी मला आठवेना. मी गॅसपुढे उभा राहून “ते गं, ते” करत राहिलो आणि दूध उतू गेलं. सांडशी. दुपारी जेवताना आठवलं. बाजारात एक माणूस अघळपघळ बोलला, मीही बोललो, आणि तो कोण हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही. रिमोटही दोनदा हरवला, एकदा भाजीच्या पिशवीत सापडला आणि एकदा वीजमीटरच्या पेटीवर. तिथे मी तो कधी ठेवला, हे मला आजही सांगता येणार नाही.

बायको पहिल्यांदा खूप चिडवायची. “मला तरी ओळखता ना?” वगैरे. मीटरच्या पेटीवर रिमोट सापडला त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. रिमोट पदराला पुसून माझ्या हातात दिला आणि आत गेली. तिने चिडवणं बंद केलं तेव्हा मला खरी भीती वाटली.

मग मी स्टोअरची पद्धत काढली. गिअरच्या शेजारी एक खोलगट जागा असते, लोक तिथे पाण्याची बाटली ठेवतात. तिथे मी फोमचा तुकडा बसवला, रिमोटच्या मापाची खाच कापली आणि खाचेच्या कडेने पिवळा रंग लावला. बाहेरून दिसत नाही, गाडी चालवताना हात आपोआप जातो, ब्रेकखाली घरंगळत नाही. शटर बंद करायचं, रिमोट खाचेत दाबायचा, मगच पहिला गिअर. महिनाभर एकदाही चूक झाली नाही. रोज खाचेतला तो भरलेला चौकोन बघून मला जे बरं वाटायचं, ते बीपीच्या गोळीनेही वाटत नसे.

जानेवारीतल्या एका रविवारी ताईने पोपटीला बोलावलं. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेताच्या बांधावर मडक्यात त्या भाजतात, ती पोपटी. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यावर शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, कोणी कोंबडी घालतं. तोंडालाही पाला कोंबून मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. ताईच्या घरामागे वाडी आहे, तिथे दरवर्षी होते. शेंगा आणायचं काम माझं, कारण गागोदे बुद्रुकला माझ्या ओळखीचा शेतकरी आहे आणि त्याच्या शेंगांना गोडी असते. ताईने सकाळपासून तीनदा फोन केला, “ओवा घेतलास काय?” तीनही वेळा मी हो म्हणालो, आणि तिसऱ्या वेळी जरा जोरातच म्हणालो.

आदल्या दिवशी आणून धुतलेल्या शेंगांची पिशवी बायकोच्या मांडीवर होती. मागे ठेव म्हटलं तर म्हणाली, मागे साड्या आहेत, भिजतील. नागोठण्याहून खिंडीचा रस्ता रोह्याला जवळचा, पण वळणांनी तिला मळमळतं, म्हणून आम्ही कोलाडवरून जातो. खांबजवळ एक बकरी रस्त्यात आली. मी ब्रेक मारला, बकरी वाचली, पिशवी उपडी झाली. शेंगा सगळीकडे. पायाशी, सीटच्या फटीत, गिअरपाशी. मी बकरीच्या मालकाशी खिडकीतून चार शब्द बोललो, चांगले नव्हते. तोवर बायकोने ओंजळी भरभरून शेंगा पिशवीत टाकल्या होत्या आणि आम्ही निघालो.

रोह्याला पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. ताईच्या शेजारचे काका पोपटीचे मानकरी, दरवर्षी मडकं तेच लावतात. दोन मडकी तयार होती, एक आमचं शाकाहारी आणि दुसरं कोंबडीचं. काकांनी आमची पिशवी पहिल्या मडक्यात रिकामी केली, पाला दाबला, मडकं पालथं घातलं आणि काडी लावली. गवत भडकलं. वाडीत तो पाल्याचा कडवट-गोड वास पसरायला लागला आणि मी खुर्ची ओढून बसलो. किती दिवसांनी इतकं निवांत वाटत होतं.

“अहो, माझा चष्मा गाडीत राहिला,” बायको म्हणाली. मी आणायला गेलो.

चष्मा सीटवर होता. मी तो उचलला आणि सवयीने गिअरकडे बघितलं. पिवळी चौकट रिकामी होती.

मला ते पटायलाच काही क्षण लागले. खाचेत बोट घातलं. सीटखाली हात घातला, एक शेंग मिळाली. पुढचा कप्पा उपसला. खिसे पालथे केले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून सकाळ आठवायला लागलो. शटर बंद केलं, रिमोट खाचेत दाबला, पहिला गिअर. ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पण ते आजचं होतं की कालचं? रोज तेच केलेलं असतं. आजचं वेगळं ओळखायला त्यात काहीच नव्हतं. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

मी पेणच्या शेजाऱ्याला फोन लावला.

“शटर बंद आहे का हो आमचं?”

“बंद हाय की. का? काय झालं?”

“काही नाही, सहज.”

म्हणजे बटण मी दाबलं होतं. त्यानंतर कुठे ठेवला? वाटेत दोन ठिकाणी उतरलो होतो, एकदा पेट्रोलला आणि एकदा नारळपाण्याला. पेट्रोलच्या मशीनवर ठेवला? नारळवाल्याच्या गाडीवर? मीटरच्या पेटीवर ठेवणारा माणूस कुठेही ठेवू शकतो.

मागे बायको आणि ताई येऊन उभ्या होत्या. मला बराच वेळ झाला होता.

“काय शोधताय?” बायकोने विचारलं.

“रिमोट.”

“घरी राहिला असेल.”

“घरी कसा राहील? शटर बंद आहे. मी जागेवर ठेवला होता.”

ताईने माझ्याकडे बघितलं. ती नजर मला माहीत होती. सात वर्षं ती बाबांकडे तशी बघायची, ओरडायचं नाही असं ठरवून.

“बाबा पन आसंच बोलायचे,” ती हळूच म्हणाली. “जागंवर ठेवली व्हती.”

“ताई, मी बाबा नाही!”

“नाय रे, मी तसं बोलले काय? पन उद्या जाऊन येऊ. सोमवारी इकडं पनवेलचे डाक्टर येतात, डोक्याचे. नंबर लावलाय.”

“कधी लावलास?”

बायको म्हणाली, “पंधरा दिवस झाले. अहो, चिडू नका.”

मी चिडलो. चांगलाच चिडलो. माझ्या पाठीमागे दोघी फोनवर बोलतात, नंबर लावतात, आणि पोपटीचं निमित्त काढून मला इथे आणतात! मी काय पार्सल आहे का? असं बरंच बोललो. कंपनीत हाताखालच्या माणसांवरही मी कधी इतका ओरडलो नव्हतो. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई मात्र शांतपणे ऐकत राहिली आणि त्यानेच मी जास्त खचलो, कारण बाबा ओरडायचे तेव्हाही ती अशीच उभी राहायची. मधेच तिकडे मडक्यात फट्ट असा मोठा आवाज झाला.

“अंडा फुटला गो!” काका ओरडले.

कोणी लक्ष दिलं नाही. मी वाडीच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. खरं सांगायचं तर राग कधीच संपला होता, उरली होती नुसती भीती. मी मनात एकच गोष्ट बघत होतो, की बायको म्हातारी होत चाललीय आणि मी तिला एक दिवस म्हणेन, या, बसा. ती आत तोंड फिरवून चहा टाकेल. मला ते उघड्या डोळ्यांनी दिसलं, आणि त्याला माझ्याकडे काही इलाज नव्हता. पान्यासाठी फळा असतो, माणसांच्या आकृत्या कुठल्या भिंतीवर काढायच्या?

काकांनी तापलेल्या मडक्यावर पाण्याचा हात मारला, पाणी चुर्रर्र करून उडालं. “झाली गो, या!” त्यांनी हाक दिली. बोलावल्यावर जायला तर हवंच. काकांनी काठीने आमचं मडकं आडवं केलं, तोंडातला पाला ओढला आणि सगळं गोणपाटावर ओतलं. वाफ आली. वाफेबरोबर वास आला तो मात्र ओव्याचा नव्हता.

“आरं, काय मडक्यात टायर घातला काय कोनी?” काका नाक धरून मागे सरले.

शेंगांच्या ढिगात एक लांबट काळी गोष्ट पडली होती. काकांनी ती काठीने पुढे ओढली. “शेंग करपली,” ते म्हणाले. मग वाकून बघितलं. “नाय रे. शेंगंला स्प्रिंग कशी आसंल?”

मी वाकलो. डॉक्टरने बंदी केलेलं वाकणं वाकलो. प्लॅस्टिक वितळून वळलं होतं, बॅटरी फुटून बाहेर आली होती, पण दोन बटणांच्या जागी दोन खळगे अजून दिसत होते. माझा रिमोट. वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ आणि माझा रिमोट, छान शिजलेला.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आता हा पुन्हा ओरडणार, असंच त्यांना वाटलं असणार. मग बायकोने तोंडावर हात घेतला.

“अगो बाई! खांबला. खांबला पिशवी सांडली तेव्हा मी गिअरपाशी पडलेल्या शेंगा... मी बघितलंच नाही हो! हाताला लागेल ते भरत गेले.”

“म्हणजे तो जागेवर होता,” मी म्हणालो.

“होता हो, होता. मीच उचलला.”

“जागेवर होता!” मी पुन्हा म्हणालो. आणि मला हसू फुटलं. साधं हसू नव्हे, पोट धरून, खाली गोणपाटावर बसून, गरम शेंगांचे चटके बसताना. हसता हसता रडायला लागलो ते मला कळलंच नाही. बायको शेजारी बसली आणि माझ्या पाठीवर हात मारत तीही दोन्ही करायला लागली. आयुष्यात जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझा तर अक्षरशः मडक्यात पडला होता, चांगला भाजून निघाला होता. काकांना काहीच समजेना. एवढी पोपटी फुकट गेली आणि ही दोघं हसतायत कसली, असं त्यांचं तोंड झालं. बॅटरी फुटलेल्या त्या मडक्यातलं काही खायची सोय नव्हती. सगळं वाडीच्या टोकाला खड्ड्यात पुरलं. काकांनी दुसऱ्या मडक्यातले बटाटे आणि शेंगा आम्हाला दिल्या आणि आयुष्यात प्रथमच आमच्या बायकोने कोंबडीच्या शेजारी शिजलेलं तक्रार न करता खाल्लं.

खाताना ताई दिसेना. मी घराच्या मागे गेलो. ती विहिरीच्या कट्ट्यावर एकटी बसली होती.

“ताई, झालं ना आता? रद्द कर तो नंबर. मी ओरडलो त्याचं मनावर घेऊ नको.”

“तुझा रद्द कर,” ती म्हणाली. “माझा ऱ्हाऊ दे.”

“तुझा?”

“दोन नंबर लावलेत. तुझं निमित्त केलं. एकटीला जायला भ्या वाटत व्हतं.”

मी तिच्या शेजारी बसलो. ती माझ्याकडे न बघता सांगत गेली. वर्षभर होतंय. कोणी काही सांगितलं की ते तिच्या डोक्यात राहतच नाही. पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. शेजारची बाई म्हणते, काकी, आत्ताच तर सांगितलं. सुनेचा मुंबईहून फोन येतो, ठेवल्यावर काय बोलली ते सांगता येत नाही. आज ओव्याचं तीनदा विचारलं ते तिच्याही लक्षात आलं होतं, तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला तेव्हा. बाबांचं दुखणं शेवटपर्यंत रोजच्या रोज बघितलेली ती एकटीच. पुढे काय काय होतं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आणि माझ्या रिमोटच्या गोष्टी बायकोकडून ऐकून तिला वाटलं, आपण दोघंही त्याच वाटेने चाललो.

त्या रात्री आम्ही राहिलो आणि सोमवारी सकाळी मी दोन्ही नंबर ठेवले. मला आता स्वतःची भीती नव्हती, पण तिच्यासोबत बसायला हवं होतं. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी पाचही शब्द सांगितले. सांडशी विसरलो तेही सांगितलं. ते म्हणाले, “काका, ती वयाची भाजी आहे, सगळ्यांच्या ताटात पडते. वस्तू कशाला असते तेच कळेनासं झालं तर माझ्याकडे या.”

मग ताईची पाळी. त्यांनी पाच शब्द सांगितले. तिने तीनच सांगितले, आणि त्यातला एक भलताच. “घोडा” म्हटलं तर ती “घडा” म्हणाली. ताईने मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरली. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला, तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “मावशी, तुमचं गाव कुठलं?”

ताई समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

डॉक्टर पुढे आले आणि तेच शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिला वाचायला दिले. कागद उलटा ठेवला. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, वाल किती पिकले, नातवंडं किती. मग विचारलं. तिने पाचही शब्द सांगितले, ओळीने, आणि वर म्हणाली, “घोडा बोला ना मग नीट. तोंडात काय ठेवून बोलता?”

डॉक्टर मोठ्याने हसले आणि मोठ्यानेच म्हणाले, “मावशी, तुमचं डोकं ठणठणीत आहे. कान गेलेत. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहील? कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देतो.”

ताईने माझ्याकडे बघितलं. “काय बोलला?”

मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू सुटत गेला, तसा मी तो बाबा गेल्यापासून पाहिला नव्हता.

बाहेर आल्यावर तिने रस्त्याकडेच्या बाकावर बसून पाणी मागितलं. अर्धी बाटली प्यायली.

“मरनाचं काय नाय वाटत रे,” ती म्हणाली. “पन माझं कोन करनार, ह्या एका इचारात वरीस काढलं.”

“मी केलं असतं, ताई.”

“तू?” तिने तोंड पुसलं. “तू रविवारी आला आसतास.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती खरं तेच सांगत होती, आणि मी मान खाली घालून ऐकलं. मग तिनेच माझा हात ओढून उठवलं, कारण तिला बाजारात ओवा घ्यायचा होता. कालचा सगळा खड्ड्यात गेला होता.

नवे रिमोट महिन्याभराने आले. एक खाचेत असतो, आता त्यावर बायकोने झाकण शिवून दिलंय, दुसरा घरात असतो. ताईने कानाचं मशीन घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात शेजारची तिच्याबद्दल काय काय बोलते ते सगळं ऐकून भांडून घेतलं. मी रविवारबरोबर बुधवारीही रोह्याला जायला लागलो. पहिल्याच बुधवारी दारात मला बघून ती थांबली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, “आज रविवार हाय काय रे?”

माझ्या पोटात गोळा आला. तिने तो येऊ दिला, पुरता येऊ दिला, आणि मग दाराला धरून हसायला लागली.